गणित सोडण्याचा अर्ज

“या डॉक्टर मॅडम,” म्हणत त्या मुलीनं माझ्या हातात गुलाब दिला आणि गुलाबपाणी इतक्या उत्साहानं शिंपडलं, की मला चष्मा काढून पुसावा लागला.

“मी आस्मा मुल्ला, अकरावी सायन्स. तुम्हाला हॉलपर्यंत न्यायचं काम माझ्याकडं हाय.” चार पावलं चालून ती घुटमळली. “मॅडम, एक सांगू? तुमच्यामुळं मी गणित घेतलंय.”

“माझ्यामुळं?”

“धोंगडे सर दरवर्षी सांगतात की. डेंटलला जायचं असंल तर गणित लागतंच, आपल्या कॉलेजातली वैजयंता देवकर बघा, गणित घेऊन गेली, आता मोठ्या डेंटल कॉलेजात हाय. कुणी गणित सोडायचं म्हणलं, की सर तुमचंच नाव घेतात.”

मी चष्मा पुन्हा पुसला. तो कोरडा झाला होता, तरी पुसला.

त्या दिवशी एकतीस जुलै होता, धोंगडे सरांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. ते आमच्या ज्युनिअर कॉलेजचे गणिताचे शिक्षक आणि गेली आठ वर्षं उपप्राचार्य. त्यांच्या सेवापूर्ती समारंभाच्या पत्रिकेवर माझ्या माहेरच्या नावाआधी ‘डॉ.’ छापलेलं होतं. ते वाचून मी फोन करून चूक सांगायला हवी होती. मुद्दाम सांगितली नाही. मला मनोगत बोलायला बोलावलं होतं, माईक माझ्या हातात येणार होता, आणि वीस वर्षांत मला यापेक्षा मोठी भेट कुणी दिली नव्हती.

मी डॉक्टर नाही. मी डेंटल कॉलेजात नोकरी करते हे खरं, पण प्रवेश विभागात, कारकून म्हणून. मुलांचे अर्ज तपासते, दाखले लावते, यादी टंकते.

मला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. माझ्या आईची दाढ वर्ष वर्ष ठणकायची. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, तिकडे कोइमतूरला, वर्षातून एकदा यायचे. तालुक्याला दातांचा एकच डॉक्टर, आणि त्या परक्या पुरुषापुढे आ करून बसायचं म्हणजे आईला मरणाहून वाईट. ती लवंग दाबून धरायची आणि भाकऱ्या थापायची. दहावीला असतानाच मी ठरवलं होतं, की आईचा जबडा मी उघडणार.

अकरावीत गणित मला झेपेना. आमच्या कॉलेजात गणित सोडून भूगोल घेता यायचा. मी अर्ज लिहिला आणि धोंगडे सरांकडे गेले. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

“कुठं जायचंय तुला?”

“डेंटलला, सर.”

“मग वेडी आहेस का? डेंटलला गणित लागतं. नियम आहे. दाताची मापं, कोन, सगळं गणितच. सोडलंस तर अर्जसुद्धा घेणार नाहीत. मी आहे ना, करून घेईन तुझं.”

सरांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. घरात विचारायला कुणी नव्हतं. आणि माहितीपुस्तिका कुठं मिळते हेच मुळी आम्हाला माहीत नव्हतं.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून मला तीनशेपैकी दोनशे एक्केचाळीस गुण पडले. गणितात सव्वीस. निकालावर ‘अनुत्तीर्ण’. ऑक्टोबरला पुन्हा बसले, काठावर सुटले, तोवर प्रवेश संपून गेले होते. आणखी एक वर्ष थांबायला वडील तयार नव्हते. त्यांनी कोइमतूरहून चार ओळींचं पत्र पाठवलं, त्यातल्या तीन ओळी स्थळाबद्दल होत्या.

पुढे नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला गुण मोजायची पद्धत शिकवली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी. मी विचारलं, “आणि गणित?” ते म्हणाले, “गणिताशी आपल्याला काय करायचंय?” मला वाटलं, नियम बदलला असेल. दुपारच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये जाऊन माझ्या सालची पुस्तिका शोधून काढली. त्यातही गणित नव्हतं. त्याच्या आधीच्या सालच्याही नाही. मग त्या वर्षीची प्रवेशयादी काढली. शेवटचा मुलगा दोनशे तेहेतीस गुणांवर आत गेला होता. मी तिथंच, धुळीत, फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले. त्या दिवसापासून सरांचं वाटोळं व्हावं असं मला वाटत आलं. हे लपवण्यात काही अर्थ नाही.

त्या पुस्तिकेच्या पानाची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये होती. मनोगताच्या शेवटी ती वाचून दाखवायची आणि खाली उतरायचं, एवढाच माझा बेत होता.

समारंभाला वेळ होता. आस्मानं मला शिक्षकांच्या खोलीत बसवलं. तिथं सरांचा मुलगा सुहास माझ्यासाठी चहा घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी तो याच कॉलेजात गणिताला शिक्षणसेवक म्हणून लागला होता. सडपातळ, बापासारखंच कपाळ, पण चेहरा गरीब.

“मॅडम, तुमचे माझ्यावर फार उपकार आहेत,” तो म्हणाला.

आज सगळ्यांनी माझे आभार मानायचं ठरवलं होतं की काय कोण जाणे. “ते कसे?”

“माझी नोकरी गणिताच्या दुसऱ्या तुकडीवर आहे. आपल्या संस्थेचा नियम आहे, तुकडीत चाळीस मुलं हवीतच. एक जरी कमी झालं, तरी तुकडी बंद. यंदा त्रेचाळीस आहेत. डेंटल-मेडिकलवाल्या मुली गणित सोडायला निघाल्या होत्या, बाबांनी तुमचं उदाहरण देऊन थांबवल्या.” तो मनापासून हसला. “बाबांच्या बाबतीतही एकदा असंच झालं होतं म्हणे. ते नवीन होते तेव्हा. तीन मुली कमी पडत होत्या. कशाबशा राखल्या, नाहीतर तेव्हाच अतिरिक्त ठरून कुठंतरी फेकले गेले असते.”

“कुठलं साल?”

त्यानं साल सांगितलं. ते माझं अकरावीचं साल होतं.

वीस वर्षं मी विचार करत होते, की त्यांनी असं का केलं असेल. कधी वाटायचं, त्यांना खरंच माहीत नसेल. कधी वाटायचं, माझंच काही चुकलं असेल. आणि उत्तर हे होतं. तीन डोकी कमी पडत होती, त्यातलं एक माझं.

“विषय बदलायची शेवटची तारीख कधी आहे हो?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आजच. पाचपर्यंत.”

“आणि सही कुणाची लागते?”

“उपप्राचार्यांची. म्हणजे बाबांचीच. पाच वाजेपर्यंत तेच की.” त्यानं कप उचलला. “साखर बरोबर होती ना?”

“अगदी बरोबर,” मी म्हटलं.

हॉल भरलेला होता. स्टेजवर शाल, श्रीफळ, सर आणि सरांच्या सौभाग्यवती. एकेक जण उठून सरांना दीपस्तंभ म्हणत होता, वटवृक्ष म्हणत होता. सर मान खाली घालून ऐकत होते. माझं नाव पुकारल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि स्वतःहून टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, एव्हाना त्यांचा स्वतःच्याच गोष्टीवर विश्वास बसला होता. त्यांच्या लेखी मी खरंच डॉक्टर झाले होते.

मी प्रथेप्रमाणे सुरुवात केली. सरांचं अक्षर, सरांचा वक्तशीरपणा, नुसत्या हातानं काढलेलं गोल वर्तुळ. लोक सुखावले. मग मी म्हटलं, “सरांनी मला अकरावीत एक गोष्ट सांगितली, तिच्यामुळं माझं सगळं आयुष्य ठरलं. ते म्हणाले, डेंटलला गणित लागतं.”

सर हसून मान डोलवत होते.

“पत्रिकेत एक चूक झाली आहे. मी डॉक्टर नाही. मी डेंटल कॉलेजात कारकून आहे. मी बारावीला गणितात नापास झाले, म्हणून मला प्रवेश मिळाला नाही. बाकीच्या तीन विषयांत मला प्रवेशापुरते गुण होते. आठ जास्तच होते.” मी पर्समधून कागद काढला. “ही त्या सालची माहितीपुस्तिका. लागणारे विषय असे आहेत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी. डेंटलला गणित लागत नाही. तेव्हा लागत नव्हतं, आजही लागत नाही. हे रोज अर्ज तपासणारी बाई तुम्हाला सांगते आहे.”

सरांच्या सौभाग्यवती त्यांच्याकडे बघत होत्या आणि सर समोरच्या नारळाकडे. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! अंगातून ताप उतरावा तसं.

खरं तर इथं थांबायचं होतं. पण चहाच्या वेळीच माझा बेत बदलला होता.

“ज्या मुलींनी केवळ डेंटलसाठी गणित घेतलंय, त्यांना आज पाचपर्यंत ते सोडता येईल,” मी म्हटलं. “आत्ता सव्वाचार झालेत. सही सरांचीच लागते, आणि सर इथंच आहेत. माझ्या मनोगताची सांगता सरांच्या सहीनं व्हावी, एवढीच माझी गुरुदक्षिणा समजा.”

प्राचार्य चुळबुळले, पण शे-दीडशे पालकांसमोर ते तरी काय बोलणार? समारंभ घाईघाईनं आटोपला. मी उपप्राचार्यांच्या खोलीत जाऊन बसले. सर आले, गळ्यात अजून हार होता. मागून सुहास आला. त्याला सगळं कळलं होतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

“वैजू,” सर दबक्या आवाजात म्हणाले, “मला चार दिवस आधी विचारायचंस. घरी यायचंस. हे असं सगळ्यांपुढं...”

“मीही तुमच्याकडे आले होते, सर. अर्ज घेऊन.”

“सुहासची नोकरी जाईल गं. त्याचं काय चुकलं?”

“माझं काय चुकलं होतं?”

दारात मुली आल्या होत्या. एक, दोन, तीन. तिघींनी वहीच्या पानांवर अर्ज लिहून आणले होते. तिघींची गणितानं झोप उडवली होती, एकीच्या तर डोळ्यांत पाणीच आलं होतं. सर पेन घेऊन नुसते बसून राहिले. शेवटी सुहासच पुढं झाला. त्यानं शिक्क्याचं पॅड उघडलं आणि म्हणाला, “बाबा, सही करा. मुली थांबल्यात.”

सरांनी तीन सह्या केल्या. सुहासनं तीन शिक्के मारले. मुली गेल्या.

त्रेचाळिसातून तीन गेल्या. चाळीस. तुकडी वाचली.

सरांचाही हिशोब झाला असावा, कारण त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत सुटल्याचा भाव होता. घड्याळात पाच वाजायला बारा मिनिटं होती. तो भाव मला सहन झाला नाही. वीस वर्षं घालवून मी या माणसाला हार घालून घरी पाठवणार होते तर!

मी उठून व्हरांड्यात आले. खांबाला टेकून आस्मा उभी होती. हातात अर्ज नव्हता.

“तू नाही आलीस?”

“विचार करत होते, मॅडम. मला डेंटललाच जायचंय. पण गणित मला जमतंय आता. सुहास सर चांगलं शिकवत्यात. आवडतं पण.” ती ओशाळून हसली. “ठेवू का सोडू? दहावीला मला गणितात...”

“डेंटलला लागत नाही,” मी तिला मध्येच तोडलं. “एक विषय कमी झाला, की तेवढा वेळ बाकीच्यांना मिळतो. सोड.”

“नक्की ना?”

“मी रोज हेच काम करते, आस्मा.”

“मग सोडते. तुम्ही म्हणताय म्हणल्यावर...”

अर्ज मी सांगितला, तिनं माझ्या पाठीमागच्या खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहिला. पाचला पाच कमी असताना मी तिला आत घेऊन गेले. सरांनी अर्ज पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. टोपण काढायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. सही नेहमीसारखी ठळक, वळणदार आली नाही. सुहासनं शिक्का मारला, अर्ज फायलीत लावला, फाईल बंद केली आणि वडिलांच्या गळ्यातला हार हलक्या हातानं काढून ठेवला.

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली. मी आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “बरं झालं, त्याची जिरली.” तिचे दात एव्हाना सगळे गेले होते, कवळी काढून ठेवलेली असावी, शब्द मऊ ऐकू आले. मी घरापर्यंत हसत गेले.

तुकडी बंद झाली, उरलेली मुलं पहिल्या तुकडीत बसवली. सुहासची मान्यता गेली, तो कुठल्याशा खाजगी क्लासमध्ये लागला असं कानावर आलं. सरांनी म्हणे गावात बाहेर पडणं कमी केलं. मी प्रत्येक बातमी दोनदा विचारून घेत असे. मला सुहासबद्दल थोडं वाईट वाटलं, सरांबद्दल कधीच नाही. आजही नाही.

दोन वर्षांनी, प्रवेशाच्या धामधुमीत, माझ्या खिडकीपाशी एक मुलगी आली. डोक्यावरची ओढणी सावरत तिनं फाईल पुढं केली. “ओळखलं का, मॅडम?”

मी फाईल आधी पाहिली. सवयच तशी. बारावीला गुण बरे होते. प्रवेश परीक्षेत मात्र बरीच मागं होती. यादी आदल्या दिवशीच लागली होती आणि त्या यादीत तिचं नाव नव्हतं. मग मी दहावीची गुणपत्रिका उलटली. गणितात दीडशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस.

“आस्मा,” मी म्हटलं.

“पुढच्या यादीत काय होईल का?”

“नाही होणार.”

“मला वाटलंच होतं.” ती रडली नाही. “अब्बा म्हणत्यात, आणखी एक वर्ष न्हाई थांबायचं. आमच्या वर्गातल्या दोघी इंजिनिअरिंगला गेल्या. माझ्यापेक्षा कमी मार्क हुते त्यांना. पण त्यांचं गणित हुतं.”

मी फाईल नीट लावली. कागद सगळे सरळच होते.

“आता?”

“बघू. बी.एस्सी. करीन. झुऑलॉजी.” ती जायला वळली आणि पुन्हा खिडकीशी आली. आवाजात तक्रार अजिबात नव्हती, म्हणून तर मला तिच्याकडे बघवेना. “मॅडम, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही मला सोड म्हणालात, ते माझा सगळा विचार करूनच म्हणाला असाल ना?”

तिच्या मागं रांग होती. कुणीतरी ‘लवकर करा’ म्हणत होतं.

“हो,” मी म्हटलं.

“मग बरोबरच असंल,” आस्मा म्हणाली, आणि तिनं माझे आभार मानले.